कळवणं आणि कळणं

‘कळवलंय’ असं कुणी म्हणालं की तिम्माजीराव चष्म्यावरून बघत विचारायचे, “ते झालं. कळलं कुणाला?”

हा प्रश्न त्यांनी कारखान्याच्या चीफ अकाउंटंटला विचारला होता, कँटीनच्या मॅनेजरला विचारला होता आणि एकदा माझ्यादेखत यशवंतपूरच्या पोस्टमास्तरलाही विचारला होता. पोस्टमास्तर बिचारा तमिळ. त्याला तो प्रश्न इंग्रजीत विचारताना तिम्माजीरावांची फार ओढाताण झाली. बाहेर आल्यावर म्हणाले, “इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द, इन्फॉर्म्ड. म्हणून साहेबाला वाटायचं, कागद गेला की काम झालं. आपल्या मराठीत कळवणं वेगळं, कळणं वेगळं. कन्नडमध्ये तिळिसोदु वेगळं, तिळियोदु वेगळं. घरात बोलताना आपल्याला हे बरोबर ठाऊक असतं बघा. कचेरीची पायरी चढलो की विसरतो.”

मी बेळगावहून बंगळूरला आले ती टायपिस्ट म्हणून. यशवंतपूरच्या पलीकडे एक मोठा सरकारी कारखाना होता. त्याचं नाव इथे सांगत नाही. ओतकामाची भट्टी, यंत्रांचे सुटे भाग, हजारो माणसं, आणि माणसांपेक्षा जास्त कागद. त्या कारखान्याने आपल्या अधिकाऱ्यांसाठी एक प्रशिक्षण विभाग काढला होता. म्हणजे दोन खोल्या, एक फळा, एक सायक्लोस्टाइल मशीन आणि तिम्माजीराव. तिथे शिकवतात काय, हे कारखान्यात कुणालाच धड सांगता येत नसे. पाटीवर ‘ऑफिस पद्धती’ असं लिहिलं होतं. तिम्माजीरावांना ते आवडायचं नाही. “पद्धती कसल्या हो? एवढ्या मोठ्या कारखान्यात कुणाला काय कळायला हवं, कधी कळायला हवं आणि ते त्याच्यापर्यंत पोचवायचं कसं, एवढं मी शिकवतो.” आज या विषयाच्या पदव्या मिळतात, त्याला भारदस्त नाव आहे. तेव्हा त्याला नाव नव्हतं, आणि तो मनापासून शिकवणारा माणूस बंगळुरात मी एकच पाहिला.

बुटके, गोल चेहऱ्याचे, बंद गळ्याचा कोट, डोक्याला काळी टोपी. कोटाच्या खिशात स्वतःच्या पैशांनी आणलेले खडू. कारखान्याचा खडू फळ्यावर उमटत नाही अशी त्यांची कायमची तक्रार होती. मल्लेश्वरमहून सायकलीवर यायचे. पहिल्या दिवशी मी उभी होते तर म्हणाले, “स्वल्प बसा की. बेळगावच्या ना? मग तुमची मराठी स्वच्छ असणार. आमची म्हणजे बिसीबेळे भात. तीनशे वर्षं झाली आमच्या लोकांना इथे येऊन. डाळ कुठली, भात कुठला, आता निवडता येत नाही.” सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. मीही चार दिवसांत म्हणायला लागले.

कार्बन पेपर हा त्यांचा वैरी. कुणी एका पत्राच्या सहा प्रती टाइप करून मागितल्या की अण्णा मला थांबवायचे आणि त्या माणसालाच समोर बसवायचे. “या सहा जणांपैकी हे वाचून खुर्चीतून उठणार कोण?” तो म्हणायचा, एक जण. “मग बाकीच्या पाच जणांना का छळता? ते न वाचता सही करणार. न वाचता सही करायची सवय लागली की जे वाचायलाच हवं तेही एक दिवस वाचणार नाहीत.” माणूस चिडून दुसऱ्या टायपिस्टकडे जायचा आणि सहाच्या आठ प्रती करून घ्यायचा. अण्णांना त्याचं वाईट वाटत नसे. “आज नाही कळलं, उद्या कळेल,” म्हणायचे.

हा विश्वास त्यांच्यात आला कुठून, तेही त्यांनीच मला सांगितलं. महायुद्धाच्या काळात ते लष्कराच्या पुरवठा डेपोत कारकून होते. यशवंतपूरच्या यार्डात ब्लँकेटांनी भरलेली मालगाडीची एक वाघीण अख्खा हिवाळा उभी होती. डेपो वर ब्लँकेटं मागत होता, वरचे अजून वर मागत होते, आणि वाघीण आल्याचा कागद भलत्याच कचेरीत जाऊन पडला होता. अण्णा रोज त्या वाघिणीजवळून सायकलीने जायचे. “रोज बघत होतो, कुसुमबाई. लाल रंगाची, एका बाजूने पोचा आलेली. आत काय आहे ते मला कसं कळणार? शेवटी दार उघडलं तेव्हा निम्मी ब्लँकेटं कसरीने खाल्लेली. त्यात वाईट माणूस एकही नव्हता हो. नुसतं कळलं नव्हतं.” त्या वाघिणीपाशी त्यांनी आयुष्याचा निष्कर्ष काढला होता. माणसं मुद्दाम वाईट वागत नाहीत. त्यांना कळलेलं नसतं. वेळेवर कळलं की माणूस उठतो आणि करतो.

वर्गात येणारे अधिकारी बहुतेक आराम करायला यायचे. भट्टीच्या धगीतून, फोनच्या कटकटीतून सुटका, वर चहा. अण्णा फळ्यावर चौकोन काढून बाण जोडत असले की मागच्या बाकावर कुणीतरी पेंगायचं. त्या सगळ्यांत अनंत वेगळा. निपाणीचा मुलगा, इंजिनियर, ओतकाम विभागात असिस्टंट मॅनेजर. कन्नड आणि मराठी दोन्ही सारख्याच तिखटपणे बोलायचा. अण्णांशी भांडायचा. “सर, वरच्यांना सगळं कळून काय उपयोग? त्यांना कळलं की ते मीटिंग घेतात.” अण्णा खूश. भांडणारा विद्यार्थी त्यांना कित्येक वर्षांनी मिळाला होता. दर रविवारी त्याला ते घरी जेवायला बोलवायचे, मलाही. त्यांच्या बायकोला सगळे अक्का म्हणत. अक्का अनंतला वाढताना म्हणायची, “ह्यांच्या तोंडी लागू नको रे बाबा. हे मला पण विचारतात, भाजीत मीठ कमी आहे हे कुणाला कळायला हवं होतं!”

एकदा अण्णांनी अख्खा वर्ग पाळी सुटायच्या वेळी कारखान्याच्या दारावर उभा केला. प्रत्येकाने बाहेर पडणाऱ्या कामगारांना एकच प्रश्न विचारायचा: आज तुम्हाला काय कळायला हवं होतं, जे कळलं नाही? साहेब लोक लाजले. कामगार त्यांच्याहून लाजले. मग बोलायला लागले. कुणाला बस येणार की नाही ते कळलं नव्हतं. कुणाला कँटीनमध्ये आज आपल्यासाठी इडली उरणार की नाही ते. एकाच्या घरी मूल आजारी होतं, ते बरं आहे का, हे त्याला दिवसभर कळलं नव्हतं. आणि ओतकाम विभागातला मुनियप्पा, जो क्रेनच्या साखळीला साच्याच्या जड पेट्या अडकवायचा, तो अनंतला म्हणाला, “साखळी बदलणार का नाही, तेवढं कळलं तर बरं होईल सार. ओझं घेतलं की ती आवाज करते.”

दुसऱ्या दिवशी वर्गात बाकीच्यांची उत्तरं ऐकून हशा झाला. मुनियप्पाचं उत्तर अण्णांनी फळ्यावर लिहिलं आणि खाली विचारलं, “हे कुणाला कळायला हवं?” वर्गाने नेहमीची वाट सांगितली: फोरमन, सुपरवायझर, देखभाल विभाग, भांडार, खरेदी, मग वर. अण्णांनी मधले सगळे चौकोन पुसले. खाली अनंत, वर जनरल मॅनेजर, मध्ये एकच बाण. अनंतने तिथेच मसुदा लिहिला. ‘साखळीची स्थिती समाधानकारक नाही.’ अण्णांनी तो वाचला आणि म्हणाले, “समाधान कुणाचं, साखळीचं? काय होईल ते लिही.” अनंतने पुन्हा लिहिलं. मी तो कागद टाइप केला. ‘साखळी तुटेल. तुटली तर खाली उभा असलेला माणूस मरेल.’ बस. प्रत एकच.

त्याच आठवड्यात जनरल मॅनेजरची सही होऊन उत्तर आलं. ‘पाहिले. नवीन साखळी मागवली आहे. तोवर जपून वापरावी.’ अण्णांनी तो कागद वर्गात मोठ्याने वाचला.  बाहेरच्या हॉटेलात कधी पाऊल न टाकणाऱ्या या माणसाने त्या संध्याकाळी आम्हा सगळ्यांना मल्लेश्वरमच्या हॉटेलात नेऊन डोसे खिलवले, स्वतःही खाल्ले आणि अनंतच्या पाठीवर थाप मारत म्हणाले, “बघ. कळलं की नाही?” त्या उत्तरातल्या शेवटच्या वाक्याकडे आमच्यातल्या कुणाचंच लक्ष गेलं नाही. कागद पोचला होता, याचाच आनंद इतका होता.

नंतर उत्तरेला चीनशी लढाई झाली. कारखान्यावर मालाच्या मागणीचा मारा सुरू झाला. भट्टी रात्रंदिवस, सुट्ट्या बंद, भिंतींवर उत्पादनाचे तक्ते. वर्ग दोनदा रद्द झाला. आणि एका दुपारी, आम्ही डबे उघडून बसलो होतो, तेव्हा भट्टीच्या बाजूने माणसं पळताना दिसली. साखळी तुटली होती. खाली मुनियप्पा होता.

नवी साखळी दुसऱ्याच दिवशी बसली. ती कुठून आली, हे कुणी विचारलं नाही.

अण्णा त्याच्या घरी जायला निघाले आणि मला म्हणाले, “चला तुम्ही. तिथे बाई असेल, मला एकट्याला जमणार नाही.” यशवंतपूरला रुळांच्या कडेला एका खोलीचं घर. मुनियप्पाची बायको लक्ष्मम्मा भिंतीला टेकून बसली होती. रडून झालं होतं. अण्णांनी कन्नडमध्ये सांगितलं, मी कारखान्यातल्या शाळेचा. तिने त्यांच्याकडे नीट बघितलं.

“कागद लिहिला तो तुम्हीच का?”

अण्णा म्हणाले, “आमच्या वर्गात लिहिला.”

“रोज येऊन सांगायचे, साखळी आवाज करते म्हणून. आधी भ्यायचे. ती ओझं उचलायला लागली की बाजूला सरकून उभे राहायचे. मग एक दिवस हसत घरी आले. म्हणाले, साहेबांनी कागद लिहिलाय, सगळ्यात मोठ्या साहेबांनी त्यावर सही केलीय, आता त्यांना माहीत आहे. आता भ्यायचं कारण नाही.” ती दाराकडे बघत म्हणाली, “त्यानंतर सरकणं सोडलं त्यांनी.”

परत येताना अण्णा सायकल हातात धरून चालत होते, तिच्यावर बसले नाहीत.  ते रेल्वेच्या फाटकापाशी आले, फाटक उघडंच होतं, तरी बराच वेळ तिथेच उभे राहिले. मागून येणारे बैलगाडीवाले ओरडायला लागले तेव्हा मी त्यांच्या कोटाची बाही ओढली.

चौकशी समिती बसायची होती. तिच्या आधी जनरल मॅनेजरनी अण्णांना बोलावलं. शॉर्टहँड घ्यायला मी बरोबर गेले. “हे लिहून घ्यायचं नाही,” असं साहेब म्हणाले, म्हणून मी पेन्सिल खाली ठेवून बसले. साहेब वाईट बोलले नाहीत. फार मायेने बोलले. कॉफी मागवली.

“राव, तुम्ही इतकी वर्षं सांगत होता, आमचं ऐकलं नाही. तुमचंच खरं ठरलं. या कारखान्यात माहिती वेळेवर पोचत नाही. समितीला तुम्ही तेच सांगा. पत्र वाटेत अडकलं, व्यवस्था जुनी, दोष व्यवस्थेचा. मग मी वर लिहितो. पंच कार्डांची, म्हणजे कार्डांना भोकं पाडून हिशेब करणारी यंत्रं आणू, वेगळा विभाग काढू, माहितीचा. तुम्हीच त्याचे प्रमुख.”

हे सगळं अण्णांनी अनेकदा मागितलं होतं. त्याचे आराखडे मीच टाइप केले होते. त्यांनी कॉफीचा पेला उचलला, खाली ठेवला.

“साहेब, पत्र वेळेवर पोचलं होतं. तुमची सही आहे.”

“सह्या मी दिवसाला शेकडो करतो, राव.”

“हे तुम्ही वाचलं होतं. उत्तर दिलंत.”

साहेब खिडकीबाहेर बघत म्हणाले, “विचार करा. घाई नाही.”

त्या रविवारी अण्णांनी जेवायला कुणाला बोलावलं नव्हतं. मी अक्काने मागितलेली औषधाची बाटली द्यायला गेले होते. अनंत आला. दाढी वाढलेली. अक्काने पाट मांडला तर म्हणाला, नको. अण्णा झोपाळ्यावर बसले होते, पाय जमिनीला टेकवून.

“तुला कळलं होतं, अनंता?”

“अण्णा, वर कळवलं कुणी? मीच ना?”

“ते मी विचारत नाही.”

अनंत खाली बसला. “कळलं होतं. रोज कळत होतं. तिचा आवाज मला केबिनमध्ये ऐकू यायचा.”

“मग क्रेन का नाही थांबवलीस?”

“महिनाअखेर होती. लढाईचा माल. क्रेन थांबली की भट्टी थांबणार, वरून तासातासाला फोन. आणि वर माहीत होतंच की. मला वाटायचं, त्यांना माहीत आहे म्हणजे ते बघतील. त्यांना वाटत असेल, खाली अनंत आहे, तो बघेल.”  मग अगदी हळू म्हणाला, “खरं सांगू? तो कागद लिहिला नसता तर मी क्रेन थांबवली असती. लिहिला, सही झाली, आणि ते माझं राहिलंच नाही.”

आत अक्काच्या हातातलं भांडं वाजलं, मग तेही थांबलं.

अनंत म्हणाला, “साहेबांनी तुम्हाला काय सांगितलंय ते मला माहीत आहे. लिहा तसं. कागद वाटेत अडकला म्हणा. मग कुणालाच काही होणार नाही. नाहीतर ते आधी खालच्यांना धरतील. घरात बाळ व्हायचंय, अण्णा. मी तुमच्याकडे कधी काही मागितलंय?”

“नाही मागितलंस.”

“मग?”

“वेळेवर पोचला होता रे. तूच पोचवलास. इतका चांगला कागद या कारखान्यात कुणी लिहिला नव्हता. तो अडकला, असं कसं सांगू?”

“मुनियप्पा काही परत येणार नाही त्याने.”

“नाही येणार.”

अनंत उठला. दारात त्याने चपला घातल्या, पट्टा बसेना, तर तसाच टाच दाबून निघून गेला. अक्का बाहेर आली आणि पहिल्यांदाच मी तिला अण्णांवर ओरडताना ऐकलं. “पोराचं घर बुडवणार तुम्ही! कशासाठी? फळ्यावरच्या बाणासाठी?”  

समितीपुढे ते खरं बोलले. माहिती वेळेवर पोचली होती, योग्य माणसाला पोचली होती, तिचा अर्थ स्पष्ट होता, उत्तरही आलं होतं. व्यवस्थेत दोष नव्हता. समितीने त्यांचे आभार मानले आणि त्यांच्याच म्हणण्याच्या आधारे निकाल दिला. वरिष्ठांनी साखळी जपून वापरण्याची स्पष्ट सूचना दिली होती. ती सूचना विभागातल्या अधिकाऱ्याला वेळेवर मिळाली होती. त्याने ती पाळली नाही. अनंतला नोकरीवरून काढलं. दुसऱ्या कुणाच्या नावापुढे काही आलं नाही. जनरल मॅनेजरची पुढल्या वर्षी दिल्लीला बढती झाली.

अण्णा निपाणीला गेले होते, हे मला अक्काने सांगितलं. रात्रभर बसमध्ये बसून गेले. अनंतच्या वडिलांनी त्यांना ओटीवर बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं, तो भेटणार नाही म्हणतो. आतून तान्ह्या बाळाचं रडणं येत होतं. अण्णांनी मुलगा की मुलगी विचारलं. उत्तर मिळालं नाही. तसेच परत आले.

प्रशिक्षणाचे वर्ग ‘तूर्त’ बंद झाले. यंत्रं मात्र आली. वेगळी गार खोली, गुळगुळीत फरशी, नारळ फोडून पूजा. प्रमुख म्हणून मुंबईहून एक तरुण माणूस आला, हुशार आणि सभ्य. यंत्र धडधड करत कार्डं गिळायचं आणि रुंद कागदांच्या घड्याच्या घड्या ओकायचं. शिपाई त्या प्रत्येक अधिकाऱ्याच्या टेबलावर नेऊन ठेवायचा. दुपारी त्यातले कागद फाडून डब्याखाली अंथरलेले मी पाहिले आहेत. लक्ष्मम्माला कारखान्याच्या कँटीनमध्ये भांडी घासायला लावलं. अण्णांची बदली स्टेशनरीच्या गोदामात झाली. तिथे टेबल होतं, पंखा नव्हता.

मी अधूनमधून तिथे जायची. त्यांचा प्रश्न त्यांच्या तोंडून मी पुन्हा ऐकला नाही. कुणी येऊन म्हणालं, साहेबांना कळवलंय, तर ते मान डोलवायचे आणि मागितलेलं सामान काढून द्यायचे. एकदा मीच न राहवून म्हटलं, “अण्णा, तुमचं काही चुकलं नाही.”

ते फळीवरचे रिकामे डबे एकावर एक लावत होते. त्यांनी हात थांबवला नाही. म्हणाले, “मला वाटायचं, माणसाला कळत नाही म्हणून तो करत नाही. एवढ्या एका गोष्टीवर मी वीस वर्षं उभा राहिलो. कळतं, कुसुम. सगळं कळतं.” त्यांनी मला पहिल्यांदाच बाई न लावता हाक मारली होती. “आणि आपण पोचवलं ना, की त्याला आणखी सोपं जातं.”

“मग काय शिकवायला हवं होतं?”

“मला माहीत नाही,” ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

लग्नानंतर मी ती नोकरी सोडली आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेले. अण्णा निवृत्त झाले, अक्का वारली, हे ऐकलं ते उशिरा. भेटायला जायचं राहत गेलं.

नंतर काही वर्षांनी माझ्या नणंदेला टायपिंग-शॉर्टहँडचा क्लास लावायचा होता, म्हणून मी मल्लेश्वरमच्या एका कमर्शिअल इन्स्टिट्यूटची चौकशी करायला गेले. दुकानांच्या वरचा मजला, अरुंद लाकडी जिना, वर टाइपरायटरांचा खडखडाट. डाव्या हाताच्या खोलीत डिक्टेशन चाललं होतं. आवाज ओळखीचा वाटला म्हणून दारात थांबले. अण्णाच होते. टोपी नव्हती, डोक्यावर पांढरे विरळ केस. हातात घड्याळ धरून, एकाच लयीत, वर न बघता ते मजकूर सांगत होते. चिकमगळूरच्या कुठल्याशा व्यापाऱ्याने मद्रासच्या कुठल्याशा व्यापाऱ्याला लिहिलेलं पत्र. आम्ही आज रेल्वेने कॉफीच्या बियांची चाळीस पोती रवाना केली आहेत, फॉर्टी बॅग्ज. बाकांवरच्या मुली मान मोडून लिहीत होत्या. पत्र संपलं. त्यांनी घड्याळ टेबलावर ठेवलं आणि पहिल्या बाकावरच्या मुलीला वाचायची खूण केली.

त्यांनी मला पाहिलं होतं. ओळखलंही असावं, कारण नजर क्षणभर माझ्यावर थांबली. मग ती खिडकीकडे वळली.

मुलगी लाजत, अडखळत वाचत होती. रेल्वेपर्यंत बरोबर आली. पुढे तिने वाचलं, फोर्टीन बॅग्ज. मागच्या बाकावरच्या एका मुलीने चमकून आपल्या वहीत बघितलं, मग अण्णांकडे बघितलं. खोलीत सगळ्यांना ते ऐकू आलं होतं. वाचणारी मुलगी शेवटपर्यंत पोचली आणि उभी राहिली.

“सरी, बरोबर,” अण्णा खिडकीबाहेर बघत म्हणाले. “पुढची.”